एका प्रश्नात तीन प्रश्न : बुद्धी, मन, आत्मा आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञ

माणसासारखी भाषा लिहिणारी संगणकीय साधने मोबाइलवर आली आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही नव्याने घरोघरी आला. एक जण म्हणतो, ‘हे यंत्र विचार करते, कारण दिलेले कोडे ते सोडवून दाखवते.’ दुसरा म्हणतो, ‘त्याला काही जाणवतच नाही, म्हणजे त्याला मन नाही.’ तिसरा दोघांनाही गप्प बसवण्यासाठी म्हणतो, ‘ज्याला आत्मा नाही त्याच्याबद्दल कसली चर्चा करता?’ आपण एकमेकांचे म्हणणे खोडून काढत आहोत, असे तिघांनाही वाटते. वस्तुतः पहिला बुद्धीबद्दल बोलत असतो, दुसरा मनाबद्दल आणि तिसरा आत्म्याबद्दल. त्यामुळे एकाचे खरे ठरले म्हणून दुसऱ्याचे खोटे ठरतेच असे नाही.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या सुमारे अडीच हजार वर्षांच्या प्रवासात हे तीन प्रश्न बराच काळ वेगवेगळे होते. सतराव्या शतकात रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने त्यांची एकच मोट बांधली, आणि आज यंत्रांविषयी, प्राण्यांविषयी किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाविषयी बोलताना आपला जो गोंधळ उडतो, त्यातला बराचसा त्या मोटेतून आलेला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते पटवून देण्यासाठी मोट बांधण्यापूर्वी काय होते, हे आधी पाहावे लागेल.

या लेखापुरते तीन शब्द ठरवून घेऊ. कारणे देण्याची, कारणे तपासण्याची आणि एका विधानावरून दुसऱ्याकडे जाण्याची क्षमता म्हणजे बुद्धी. जाणवणे, आठवणे, हवेसे-नकोसे वाटणे हा सगळा आतला व्यवहार म्हणजे मन. आणि ज्याच्यामुळे सजीव वस्तू सजीव असते ते तत्त्व म्हणजे आत्मा. ते शरीराबरोबर संपते की उरते, हा पुढचा प्रश्न. ही तिसरी व्याख्या वेदान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला अपुरी वाटेल, परंतु ग्रीकांची सुरुवात तिथूनच होते.

सुरुवातीला आत्म्याला अक्कल नव्हती

होमरच्या महाकाव्यांत माणूस मरतो तेव्हा त्याचा आत्मा देह सोडून पाताळात जातो, पण तिथे तो काही विचार करत बसलेला नसतो. ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस मृतांच्या लोकाला भेट देतो तेव्हा स्वतःच्या आईला मिठी मारण्याचा तो तीनदा प्रयत्न करतो आणि तीनही वेळा ती सावलीसारखी हातातून निसटते. तिथल्या छायांना रक्त प्यायला दिल्यावरच त्या ओळख पटून बोलू लागतात. मेल्यानंतरही ज्याची बुद्धी शाबूत राहिली असा एकच जण तिथे आहे, तो म्हणजे आंधळा द्रष्टा टायरेसियस, आणि तीही त्याला देवीच्या कृपेने मिळालेली खास सवलत आहे. म्हणजे ग्रीक कल्पनेत आत्मा आणि बुद्धी ही मुळात वेगळी खाती होती. जिवंत माणूस राग, धैर्य, विचार यांचा अनुभव छातीत आणि हृदयात घेत असे. आत्म्याची आठवण यायची ती प्राण जाण्याची वेळ आली की.

प्लेटो : भांडण आत्म्याच्या आत आहे

हे चित्र प्लेटोने पालटले. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विषाचा प्याला देण्यात आला. त्याच्या शेवटच्या दिवसावरील ‘फीडो’ या संवादात आत्मा अमर आहे का, यावर तुरुंगातच चर्चा रंगते. सिमियस नावाचा तरुण तिथे एक बिनतोड शंका काढतो. वीणेसारख्या तंतुवाद्यातला सूरमेळ अदृश्य आणि सुंदर असतो, तरी वाद्य मोडले की तो उरत नाही; आत्माही शरीराचा असाच सूरमेळ असला तर? सॉक्रेटिसच्या उत्तराचा एक भाग असा, की सूरमेळ आपल्या वाद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, पण आत्मा शरीराच्या विरोधात जातो. तहान लागलेली असूनही आपण पाणी पिणे नाकारू शकतो.

पुढे ‘रिपब्लिक’मध्ये प्लेटोच्या लक्षात येते की हे भांडण शरीर आणि आत्मा यांच्यात नसून आत्म्याच्या आतच आहे, आणि ते दाखवण्यासाठी तो लिऑन्टियस नावाच्या गृहस्थाची हकिकत सांगतो. लिऑन्टियस पिरिअस बंदराकडून अथेन्सकडे येत असताना उत्तर तटाच्या बाहेरच्या बाजूला जल्लादाजवळ पडलेली प्रेते त्याला दिसतात. त्याला ती पाहावीशी वाटतात आणि आपल्याला असे वाटावे याची शिसारीही येते. तो काही वेळ स्वतःशी झगडतो, तोंड झाकून घेतो, अखेर हार मानून डोळे ताणत प्रेतांकडे धावतो आणि आपल्याच डोळ्यांवर खेकसतो, ‘घ्या मेल्यांनो, बघून घ्या पोटभर हे सुंदर दृश्य!’ इथे वासना एकीकडे ओढते आणि संताप दुसरीकडे. यावरून प्लेटो आत्म्याचे तीन भाग करतो : हिशेब करणारी बुद्धी, मानापमानाने पेटणारा तेजस्वी भाग आणि वासना. तिघांत राज्य बुद्धीचे असावे, कारण सगळ्यांच्या हिताचा विचार फक्त तिला करता येतो.

‘हे तर आपल्याकडे कठोपनिषदात आहेच’ असा आक्षेप इथे येईल, कारण दुसऱ्या एका संवादात प्लेटोने आत्म्याला दोन घोड्यांच्या रथाची उपमा दिली आहे. साम्य नजरेत भरते, पण फरक अधिक बोलका आहे. कठोपनिषदात बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे, शरीर रथ आणि आत्मा रथात बसलेला स्वामी आहे. प्लेटोच्या रथात असा कोणी बसलेलाच नाही. सारथी आणि दोन्ही घोडे मिळूनच आत्मा होतो. भारतीय परंपरेतील सांख्यांनी तर बुद्धी, अहंकार आणि मन ही सगळी जड प्रकृतीकडे टाकली आणि केवळ साक्षी असलेल्या पुरुषाला पलीकडे ठेवले. पाश्चात्त्य परंपरेने बुद्धी बहुधा आत्म्याच्या पारड्यात टाकली, त्यामुळे माणसाचे अमरत्व सिद्ध करायचे तर ते बुद्धीच्या आधारे, अशी तिथली वाट पडली.

अ‍ॅरिस्टॉटल : डोळ्याचा आत्मा म्हणजे दृष्टी

प्लेटोचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) हा वैद्याचा मुलगा होता आणि जीवसृष्टीच्या निरीक्षणात त्याने आयुष्याचा मोठा भाग घालवला होता. आत्म्याकडेही तो त्याच नजरेने पाहतो. डोळा हा स्वतंत्र प्राणी असता, तर दृष्टी हा त्याचा आत्मा ठरला असता, असे तो म्हणतो. दृष्टी ही डोळ्यात बसलेली दुसरी वस्तू नाही. डोळा डोळा म्हणून जे करू शकतो, ती दृष्टी. पाहू न शकणारा डोळा दगडात कोरलेल्या किंवा चित्रात काढलेल्या डोळ्यासारखा केवळ नावापुरता डोळा आहे. त्याचप्रमाणे सजीव शरीराची जगण्याची जी क्षमता, जी त्याची घडण, तिचेच नाव आत्मा. म्हणून आत्मा आणि शरीर एक आहेत की दोन, हा प्रश्नच त्याला फोल वाटतो; मेण आणि मेणावर उठलेला ठसा एक आहेत की दोन, असे आपण विचारत नाही.

या भूमिकेतून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आजच्या वाचकाला चकित करतात. पहिली म्हणजे झाडाझुडपांनाही आत्मा आहे, कारण ती अन्न घेतात, वाढतात आणि आपल्यासारखी दुसरी झाडे निर्माण करतात. प्राण्यांत त्यावर संवेदना आणि इच्छा यांची भर पडते, बहुतेकांत हालचालीचीही. माणसात शेवटी बुद्धीची. या क्षमता शिडीच्या पायऱ्यांसारख्या आहेत आणि मर्त्य प्राण्यांपैकी ज्याच्यापाशी वरची पायरी आहे, त्याच्यापाशी खालच्या सगळ्या असतातच, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. हे वाक्य लक्षात ठेवावे. लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, मेल्यावर आत्मा कुठे जातो हा प्रश्न, निदान बहुतांश आत्म्याबाबत, मोडलेल्या कुऱ्हाडीची धार कुठे गेली असे विचारण्यासारखा आहे.

‘बहुतांश’ म्हणण्याचे कारण असे, की बुद्धीपाशी येताच अ‍ॅरिस्टॉटल अडखळतो. डोळ्याशिवाय पाहणे नाही, पण विचाराचे असे इंद्रिय त्याला सापडत नाही, कारण बुद्धी कोणत्याही विषयाचा विचार करू शकते. मग एका अतिशय छोट्या प्रकरणात तो एका कर्तृत्वशील बुद्धीविषयी बोलतो आणि ती मात्र देहापासून विलग होणारी, अमर आणि शाश्वत आहे, असे सांगून मोकळा होतो. त्या मोजक्या ओळींवर पुढे शतकानुशतके भाष्ये लिहिली गेली.

विचार नेमका कोण करतो?

त्या भाष्यकारांतील सर्वांत धाडसी म्हणजे कॉर्दोबात जन्मलेला इब्न रुश्द (११२६–११९८). त्याच्या मते ही बुद्धी माणसागणिक वेगळी नसून सगळ्या मानवजातीची मिळून एकच आहे. प्रत्येकाची स्वतःची असतात ती केवळ कल्पनाचित्रे, ज्यांचा उपयोग ती बुद्धी करते. ऐकायला हे विचित्र वाटते, पण दोन विद्यार्थ्यांना भूमितीतले एकच प्रमेय समजते तेव्हा ‘एकच’ काय असते, या खऱ्या कोड्याचे ते उत्तर होते.

थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) या ख्रिस्ती पंडिताने १२७० मध्ये पॅरिसमध्ये त्याच्या विरोधात लिहिताना अगदी साध्या गोष्टीवर बोट ठेवले : विचार ‘हा’ माणूस करतो. भिंतीचा रंग डोळ्याला दिसतो म्हणून भिंत पाहते असे आपण म्हणत नाही. तसेच माझ्या कल्पनाचित्रांवर दुसरीच कोणती बुद्धी काम करत असेल, तर मी विचार करतो असे म्हणता येणार नाही, फार तर माझ्या चित्रांचा विचार केला जातो असे म्हणता येईल. आपण टाइप केलेल्या मजकुरावर दूर कुठेतरी असलेली एकच यंत्रणा एकाच वेळी असंख्य लोकांसाठी ‘विचार’ करते, त्या काळात हा तेराव्या शतकातला वाद शिळा वाटत नाही. त्याच अक्विनासने, आत्मा देहानंतर उरतो असे मानूनही, ‘माझा आत्मा म्हणजे मी नव्हे’ असे लिहून ठेवले आहे. शरीराशिवाय माणूस अपुरा, म्हणून पुनरुत्थान व्हायचे तर ते देहासह व्हायला हवे, अशी त्याची धारणा होती. आत्मा म्हणजेच खरा मी, हा सनातन ख्रिस्ती विचार आहे असे समजणाऱ्यांनी हे वाक्य जरूर पाहावे.

देकार्तने बांधलेली मोट

देकार्त (१५९६–१६५०) स्वतः गणिती होता आणि निसर्गाची उकल गणिताने करता यावी, हे त्याचे उद्दिष्ट होते. १६४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेडिटेशन्स’मध्ये तो शंका घेता येईल त्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेतो : इंद्रिये फसवतात, स्वप्न आणि जागृती यांत खूण सांगता येत नाही, एखादा सर्वशक्तिमान ठग आपल्याला सदैव चकवत असू शकेल. तरीही शंका घेणारा मी आहे, एवढे उरतेच. मग हा मी कोण? विचार करणारी वस्तू. आणि विचारात तो काय काय धरतो? शंका घेणे, समजणे, होय-नाही म्हणणे, इच्छिणे, कल्पना करणे आणि जाणवणेसुद्धा. अ‍ॅरिस्टॉटलच्या शिडीवर वेगवेगळ्या पायऱ्यांवर असलेल्या गोष्टी इथे एका पोत्यात आल्या. बुद्धी आणि मन एक झाले आणि त्या जोडीलाच आत्मा हे नाव मिळाले.

मग जगणे, पचन, रक्ताभिसरण, वाढ यांचे काय? ते सगळे यंत्राच्या खात्यात गेले. ‘पॅशन्स ऑफ द सोल’ या १६४९ च्या ग्रंथात देकार्त सांगतो की जिवंत आणि मृत देहात फरक आहे तो चालू घड्याळ आणि मोडलेले घड्याळ यांच्यातला. आत्मा गेला म्हणून माणूस मरतो, असे कधीच होत नाही. शरीराचा एखादा मुख्य भाग बिघडतो म्हणून तो मरतो, आणि मग आत्मा जातो. होमरपासून चालत आलेली समजूत इथे पूर्ण उलटी झाली. आत्म्याचा प्राणाशी संबंध संपला. विश्वाचे दोन विभाग झाले : एकीकडे जागा व्यापणारे पण विचार न करणारे जड पदार्थ, दुसरीकडे विचार करणारे पण जागा न व्यापणारे आत्मे. या भूमिकेला द्वैतवाद म्हणतात. मध्वाचार्यांच्या द्वैत मताशी, म्हणजे जीव आणि ईश्वर यांच्यातील भेदाशी, तिचा काही संबंध नाही.

हे देकार्तला इतके सोयीचे का वाटले असावे? देह यंत्र ठरल्यामुळे शरीरशास्त्राला मोकळे रान मिळाले आणि आत्मा धर्माकडे सुरक्षित राहिला. व्यवहारदृष्ट्या ही चतुर तडजोड होती. पण तिचा सांधा एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या स्त्रीने लगेच हेरला.

राजकन्येचा प्रश्न

पदच्युत झालेल्या बोहेमियाच्या राजाची मुलगी एलिझाबेथ (१६१८–१६८०) हेग शहरात निर्वासिताचे जिणे जगत होती. मे १६४३ मध्ये तिने देकार्तला पत्र लिहून विचारले की आत्मा केवळ विचार करणारी वस्तू असेल, तर तो शरीराला हलवतो कसा? एखादी वस्तू हलते ती ढकलल्यामुळे. ढकलण्यासाठी स्पर्श लागतो आणि स्पर्शासाठी पृष्ठभाग. आत्म्याला तर पृष्ठभागच नाही. देकार्तने जडपणाचे उदाहरण दिले : दगडाचा जडपणा दगडाला खाली नेतो, तेव्हा एक पृष्ठभाग दुसऱ्याला ढकलतो आहे अशी कल्पना आपण करत नाही. एलिझाबेथला हे पटले नाही, आणि पटण्यासारखे नव्हतेही, कारण जडपणाची ती जुनी कल्पना देकार्तने स्वतःच मोडीत काढली होती.

जूनमधल्या पत्रात तिने अधिक अवघड गोष्ट पुढे केली. उत्तम विचार करण्याची शक्ती आणि सवय असलेला माणूस शरीरातल्या काही बाष्पांमुळे ती सगळी गमावून बसतो. आत्म्याला शरीराशिवाय राहता येते आणि शरीराशी त्याचे काही साम्य नाही, तर शरीराचे त्याच्यावर एवढे राज्य का चालावे? ‘बाष्पे’ हा त्या काळच्या वैद्यकाचा शब्द झाला. त्या जागी आज मद्य, भूल किंवा अल्झायमर हे शब्द घालावेत, प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. अभौतिक वस्तू देह हलवते हे मानण्यापेक्षा आत्माच काही अंशी भौतिक आहे हे मानणे मला सोपे जाईल, असे तिने सरळ कळवले. यावर देकार्तचा सल्ला असा होता की देह आणि आत्मा यांचे ऐक्य तत्त्वचिंतनातून कळत नाही, ते रोजच्या जगण्यातून आणि गप्पागोष्टींतून कळते. तेव्हा तत्त्वचिंतनाला वर्षातले थोडेच तास द्यावेत. सल्ला प्रामाणिक होता, पण ज्याने वाचकाला शेकोटीपाशी बसून सगळ्या जगावर शंका घ्यायला लावली, त्याच्या तोंडी तो जरा गमतीशीर वाटतो. दोघांचा पत्रव्यवहार १६५० मध्ये देकार्तच्या मृत्यूपर्यंत चालू राहिला.

मोट सुटू लागते

पुढच्या दीडशे वर्षांतील बहुतेक थोर तत्त्वज्ञांनी ही मोट कुठून ना कुठून सैल केली. टॉमस हॉब्जने १६५१ मध्ये लिहिले की तर्क करणे म्हणजे बेरीज-वजाबाकी. त्यासाठी अभौतिक आत्म्याची गरज नाही. संगणकाची कल्पना याच वाक्यात बीजरूपाने आहे, असे म्हणायला हरकत नाही. स्पिनोझाने मन आणि शरीर ही एकाच वस्तूची दोन रूपे मानली, त्यामुळे कोण कोणाला ढकलतो हा प्रश्नच उरला नाही.

जॉन लॉकने ‘व्यक्ती’ आणि ‘आत्मा’ यांची फारकत केली. एखाद्या राजपुत्राचा आत्मा, त्याच्या सगळ्या आठवणींसह, चांभाराच्या देहात शिरला, तर राजपुत्राच्या कृत्यांचा जाब आपण कोणाला विचारू? ज्याला ती कृत्ये आपली म्हणून आठवतात त्याला, असे लॉकचे उत्तर. पण आत्मा तोच आणि आठवण मात्र पुसलेली, तर ती व्यक्ती वेगळी. पुनर्जन्म मानणाऱ्या माणसाला हा आक्षेप आपल्या अंगणात आल्यासारखा वाटेल : मागच्या जन्मीचे काहीच आठवत नसेल, तर तेव्हाचा तो ‘मी’ कसा?

डेव्हिड ह्यूमने (१७११–१७७६) आत डोकावून पाहिले आणि त्याला उष्णता, थंडी, प्रेम, द्वेष, सुख, दुःख अशी एकेक जाणीव सापडली. त्या सगळ्यांचा धनी म्हणून कोणी स्वतंत्र ‘मी’ सापडला नाही. बुद्धीच्या राज्याभिषेकालाही त्याने हरकत घेतली. बुद्धी मार्ग दाखवते, पण कुठे जायचे हे ती ठरवत नाही. ते भावना आणि इच्छा ठरवतात, आणि बुद्धी त्यांची दासी आहे. आपल्या बोटाला ओरखडा येण्यापेक्षा सगळे जग नष्ट झालेले बरे, असे एखाद्याला वाटले तर ते भयंकर असेल, पण त्यात तर्काची चूक दाखवता येणार नाही. प्लेटोच्या रथात ह्यूमने घोड्यांच्या हाती लगाम दिला.

इमॅन्युएल कांटने १७८१ च्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’मध्ये दोन्ही बाजूंना थोडे थोडे दिले आणि बरेच काढूनही घेतले. प्रत्येक अनुभवासोबत ‘मी विचार करतो’ हे जोडता यायला हवे, नाहीतर तो माझा अनुभवच नाही, एवढे देकार्तचे बरोबर. पण यावरून ‘मी’ नावाची टिकाऊ वस्तू आहे हे सिद्ध होत नाही. एक चेंडू दुसऱ्या चेंडूवर आदळून आपली सगळी गती त्याला देतो. त्याच रीतीने एक वस्तू आपली जाणीव दुसरीला, दुसरी तिसरीला देत गेली, तर शेवटच्या वस्तूला सगळा भूतकाळ आपलाच वाटेल, तरी ती पहिली वस्तू नसेल. म्हणून आत्म्याचे अमरत्व तर्काने सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही. नीतीसाठी मात्र ते गृहीत धरावे लागते, असे त्याने पुढे १७८८ च्या ग्रंथात मांडले. अमरत्वासाठी मागच्या दाराने केलेली ही सोय सगळ्यांना पटलेली नाही, आणि प्रस्तुत लेखकालाही ती ओढूनताणून आणलेली वाटते.

पण मेंदूविज्ञानाने हा वाद निकालात काढला नाही का?

आजचा सुशिक्षित वाचक इथे म्हणेल की मन म्हणजे मेंदू, विषय संपला. १९५० च्या दशकात काही तत्त्वज्ञांनी नेमके हेच मांडले : वीज चमकणे म्हणजे विद्युतभाराचा विसर्ग, तशी जाणीव म्हणजे मेंदूतली प्रक्रिया. एलिझाबेथच्या बाष्पांचा खुलासा त्यातून चांगला होतो. अडचण दुसरीकडे येते. वेदना म्हणजे माणसाच्या मेंदूतली अमुक प्रक्रिया असे ठरवले, तर वेगळ्या घडणीच्या मज्जासंस्थेच्या ऑक्टोपसला वेदना होत नाही असे म्हणावे लागेल. म्हणून हिलरी पटनम या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६० च्या दशकात सुचवले की महत्त्व घटकांना नसून त्यांच्या कार्यपद्धतीला आहे. आपण चीजचे बनलेले असतो तरी फरक पडला नसता, असे तो गमतीने म्हणाला. हा अ‍ॅरिस्टॉटलच्या मेणावरच्या ठशाचाच नवा अवतार होता. पुढे पटनमने स्वतःच ही भूमिका सोडली.

ऑक्सफर्डच्या गिल्बर्ट राइलने १९४९ मध्ये प्रश्नाच्या मांडणीतच चूक दाखवली. शरीराखेरीज मन नावाची आणखी एक वस्तू शोधणारा माणूस, राइलच्या शब्दांत, यंत्रात भूत शोधतो आहे. त्याने दिलेला दाखला विद्यापीठाचा आहे, पण आपल्याकडे तो असा सांगता येईल : पाहुण्याने दिंड्या पाहिल्या, पालखी पाहिली, टाळ-मृदंग ऐकले, रिंगण पाहिले आणि शेवटी विचारले, ‘हे सगळे ठीक, पण वारी कुठे आहे?’ वारी ही त्या यादीतली आणखी एक वस्तू नाही, तसे मनही नाही.

तरीही एक गाठ सुटत नाही. थॉमस नेगेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये विचारले की वटवाघूळ असणे हे वटवाघळाला कसे वाटत असेल? त्याच्या मेंदूची, त्याच्या ध्वनिलहरींची संपूर्ण माहिती आपल्याला झाली, तरी ते ‘वाटणे’ माहितीच्या यादीत येत नाही. बुद्धीचा हिशेब यंत्राने लावता येतो, जगण्याचा हिशेब जीवशास्त्राने लावता येतो, आणि जाणवण्याचा हिशेब मात्र बाकी राहतो. देकार्तच्या मोटेतून सगळे निघून गेल्यावर तळाशी राहिले ते एवढेच.

आता त्या तिघांच्या वादाकडे

यंत्र माणूस आहे की नाही हे ओळखण्याच्या दोन कसोट्या देकार्तनेच १६३७ मध्ये देऊन ठेवल्या आहेत. पहिली : यंत्र शब्द उच्चारू शकेल, कुठे स्पर्श केला तर ओरडूही शकेल, पण आपल्यासमोर बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या अर्थाला धरून तऱ्हेतऱ्हेने शब्दांची जुळणी करून उत्तर देणे त्याला जमणार नाही, जे अगदी मंदबुद्धी माणसालाही जमते. दुसरी : यंत्र काही कामे आपल्यापेक्षा उत्तम करेल, पण इतर कामांत हमखास चुकेल, कारण बुद्धी हे कोणत्याही प्रसंगी चालणारे साधन आहे आणि यंत्राच्या प्रत्येक भागाला ठरावीकच काम असते. पहिली कसोटी आजची भाषिक साधने, देकार्तने लिहिलेल्या शब्दांत तरी, उत्तीर्ण होतात. दुसरीबाबत वाद चालू आहे. म्हणजे पहिला गृहस्थ हॉब्जचा आधार घेऊन बराच पुढे जाऊ शकतो, आणि त्याने दुसऱ्याचे काहीच बिघडत नाही, कारण कारणांची साखळी जोडता येणे आणि काही जाणवणे यांना जोडणारा पूल फक्त देकार्तच्या व्याख्येत होता. बोलता येते म्हणून जाणवत असेलच असे नाही. आणि हेच उलट्या दिशेने, मुक्या जनावराला बोलता येत नाही म्हणून त्याला जाणवत नाही असेही नाही.

तिसऱ्या गृहस्थाला उत्तर अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० मध्येच दिले होते. ‘यंत्र विचार करू शकेल का?’ या प्रश्नावरच्या आपल्या निबंधात त्याने नऊ आक्षेप तपासायला घेतले आणि त्यांत पहिला मान धर्माच्या आक्षेपाला दिला : विचार हे अमर आत्म्याचे काम आहे, तो देवाने माणसाला दिला, यंत्राला दिला नाही. ट्युरिंग स्वतः हा युक्तिवाद मानत नव्हता, तरी त्याच भाषेत त्याने विचारले की असे म्हणणे म्हणजे देवाच्या सर्वशक्तिमत्तेला मर्यादा घालणे नव्हे काय? देवाला योग्य वाटले तर तो हत्तीला आत्मा देऊ शकणार नाही का? ज्यांना यंत्र विचार करील या कल्पनेचीच भीती वाटते, त्यांना युक्तिवादापेक्षा दिलाशाची गरज आहे आणि तो कदाचित पुनर्जन्माच्या कल्पनेत शोधावा, असाही चिमटा त्याने पुढच्या आक्षेपात काढला.

अ‍ॅरिस्टॉटलच्या अर्थाने मात्र तिसऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे खरे आहे. संगणक काही खाऊन स्वतः वाढत नाही, त्याला भूक नाही, पिल्ले नाहीत, मरण टाळण्याची धडपड नाही. परसातल्या अळूच्या कंदाला जेवढा आत्मा आहे तेवढाही त्याला नाही. पण त्याच अ‍ॅरिस्टॉटलने वरची पायरी असलेल्या मर्त्य प्राण्यापाशी खालच्या सगळ्या पायऱ्या असतातच असे लिहिले होते, आणि आता आपल्यासमोर अशी वस्तू आहे की जिच्यापाशी खालची एकही पायरी नसताना वरच्या पायरीवरची कामे ती करून दाखवते. ती खरोखर बुद्धी आहे असे म्हटले तर शिडी मोडते. ती बुद्धी नव्हे असे म्हटले तर बुद्धीची व्याख्या बदलावी लागते, आणि तीत भूक, भीती किंवा स्वतःचे काही हवे असणे यांपैकी काय घालायचे, यावर पहिला आणि दुसरा गृहस्थ पुन्हा भांडू लागतील. निदान या वेळी ते एकाच प्रश्नावर भांडत असतील.